चार अंशांची वही

कोणत्याही वस्तूची खरी अवस्था तिच्या नोंदीवरून कळते. वस्तूकडे बघून कळते ती फक्त तात्पुरती. या सिद्धांतावर मांसाचं शीतगृह क्रमांक दोन अकरा वर्षं थंड होतं.

वही तात्यांकडे होती. दर दोन तासांनी आत जायचं, तापमापक बघायचा, आकडा लिहायचा, सही ठोकायची, असा नियम. तात्या अख्ख्या महिन्याच्या नोंदी एक तारखेलाच चहाबरोबर उरकत. (आजचं काम उद्यावर टाकू नये, हे सगळेच सांगतात. उद्याचं आजच करणारा विरळा.) सकाळच्या नोंदी निळ्या पेनाने, दुपारच्या काळ्या, रात्रपाळीच्या जरा झोपाळू अक्षरात. आकडा चार अंश. मधूनच एखादा ४.२, म्हणजे वहीत जीव येतो. शिवाय महिन्याला एक बिघाड: 'तेवीस तारीख, दुपारी दोन. वीज गेली. माल टाकून दिला.' एकही बिघाड नसलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवणार?

तापमापकही तात्यांच्याच वळणाचा निघाला. दोन वर्षांपूर्वी काटा चारवर अडकला, तो हलायचं नाव घेईना.

जंतूंना मात्र वाचता येत नव्हतं.

बारा तारखेला एकसष्ट माणसं आडवी झाली. ओकाऱ्या, जुलाब, ताप. पैकी या शीतगृहाचा माल घेणाऱ्या उपाहारगृहात खिमा खाल्लेले अठ्ठावन्न. खिमा खाऊन घरी 'भाजी खाल्ली' असं सांगणारे दोन. उरलेला एक उपाहारगृहाचा मालक. 'आपल्याकडचं मी कधी तोंडात घालत नाही' असं तो वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आला होता.

सोळा तारखेला चौकशी समिती आली. साहेबांनी वही उघडली, ती एकतीस तारखेपर्यंत भरलेली पाहिली आणि त्यांना गहिवरून आलं.

"तात्या, बाकीच्या ठिकाणी कालची नोंद नसते हो!"

"सवय आहे साहेब," तात्या लाजून म्हणाले.

शीतगृहाचं दार काही उघडलं गेलं नाही. दार उघडल्याने तापमान बिघडतं, अशी दारावर पाटीच होती. अहवाल त्याच दिवशी निघाला: सबंध महिन्यात बिघाड एकच, तो तेवीस तारखेचा, सबब बारा तारखेच्या साथीस तेवीस तारखेचा वीजपुरवठा जबाबदार आहे. वीज खात्याला नोटीस गेली. (खातंही कागदाला जागणारं. तेवीस तारखेला दुपारी दोनला त्यांनी वीज घालवली. नोटिशीत तसं नमूद होतं.)

वही निर्दोष सुटली म्हणजे मालही सुटला. त्याच संध्याकाळी तात्या कर्मचाऱ्यांच्या वाट्याचा अर्धा किलो खिमा घरी घेऊन गेले.

"अरे, वास बघ जरा," आई म्हणाली.

"आई, चार अंशातलं आहे ते!"

आईने मुलाचा शब्द मानला आणि मीठ बरोबर आहे का म्हणून अर्धकच्चंच चाखलं. बासष्टावा रुग्ण समितीच्या यादीत नाही, कारण यादी आधीच टाइप होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या रुग्णालयात, सात नंबरच्या खाटेशी. आई डोळे मिटून पडलेली. पायाशी तापाचा तक्ता लटकत होता. तात्यांनी धंद्याच्या ओढीने तो हातात घेतला. ९८.६, ९८.६, ९८.६, मधेच ९८.८. अक्षर मोत्यासारखं. सकाळचे आकडे निळे, दुपारचे काळे. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. तक्त्यात संध्याकाळचे सहा.

त्या ९८.८ला तात्यांनी जत्रेत हरवलेला भाऊ भेटावा तसं ओळखलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हात लावून तापमान पाहिलं. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

"सिस्टर! आईच्या अंगात ताप आहे!"

"नाही हो काका, नॉर्मल आहे. बघा ना, लिहिलंय."

"लिहिलंय म्हणूनच सांगतोय, बाई!"

सिस्टरने कपाळाला हात लावला आणि डॉक्टरांकडे धाव घेतली. सलाईन, इंजेक्शनं, धावपळ. तिसऱ्या दिवशी आई उठून बसली. पहिलं वाक्य बोलली ते असं: "तुझे ते चार अंश तुझ्यापाशीच ठेव, मेल्या."

पुढल्या एक तारखेला तात्यांनी नवी वही घेतली, पेन उघडलं, पुन्हा बंद केलं, आणि उठून शीतगृहाचं दार उघडून हात आत घातला. मग घरचा तापमापक आणून टांगला. वहीत त्यांनी प्रथमच खरा आकडा लिहिला: सतरा अंश. शेरा: माल खाण्यालायक नाही. वरिष्ठांनी खाली सही केली आणि माल गाडीत चढला. दोन तासांनी अठरा अंश. तोच शेरा, तीच सही, दुसरी गाडी. तात्या आता दर दोन तासांनी आत जातात. तीन महिन्यांत एक नोंद चुकलेली नाही.

नियमानुसार या वहीच्या चालू पानाची प्रत मांसाच्या प्रत्येक दुकानात दर्शनी भागी लावतात. परवा तुम्ही अर्धा किलो घेतलंत, तेव्हा ती तुमच्या नाकासमोरच होती. "अक्षर काय सुंदर आहे हो," असं तुम्ही म्हणालातही.