पान्याच्या जागी प्लायवूड

आमच्या कारखान्यात दर सोमवारी सकाळी, रेडिओवरची कवायत आटोपली की, गेल्या आठवड्यात कोणाकोणाला अपघात होता होता राहिला याची रीतसर चौकशी होते. झालेला अपघात कोणीही सांगेल; न झालेला सांगायला माणूस जागरूक लागतो. हिगाशी-ओसाकातल्या आमच्या गल्लीत असे बरेच कारखाने आहेत, आणि सोमवारी प्रत्येक पत्र्याखाली चार माणसं न घडलेल्या गोष्टींबद्दल गंभीर चेहऱ्याने बोलत असतात. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं जातं.

त्या सोमवारी मोरिवाकी-सान उभे राहिले. मोरिवाकी-सान आमचे सुरक्षा-प्रमुख. कारखान्यात माणसं एकूण चार: मालक कुरामोची-सान, घासकामावर दोबाशी, लेथवर मी आणि आम्हा तिघांना सुखरूप ठेवायला मोरिवाकी-सान. त्यांनी निवेदन केलं की शनिवारी जेवणाच्या सुट्टीत फळीवरच्या डब्यातून एक छिन्नी घरंगळली आणि त्यांच्या ओनिगिरीत उभी घुसली. त्या भाताच्या गोळ्याच्या जागी त्यांचा पाय असता, तर?

"जेवणाच्या डब्यात पाय ठेवायची सवय आहे का तुम्हाला?" दोबाशीने विचारलं.

मालकांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मुद्दा गंभीर होता. आमची अवजारं तेव्हा सेनबेई ही तांदळाची बिस्किटं खाऊन रिकाम्या झालेल्या पत्र्याच्या डब्यांत असायची. कानशी बांबूच्या नळीत, पाने तोफूवाल्याच्या जुन्या ट्रेमध्ये, आणि बारीक पेचकस मालकांच्या टवका उडालेल्या साकेच्या पेल्यात. सगळा गबाळ कारभार होता हे मान्य. पण डोळे मिटून हात घातला तरी हवं ते हाताला लागायचं. कधीकधी जरा जास्तच लागायचं. तेव्हा अवजारांना हक्काची जागा मिळालीच पाहिजे, असा ठराव सर्वानुमते संमत झाला.

पुढच्या आठवड्यात मोरिवाकी-साननी घरच्या घरी एक फळा तयार करून आणला. त्यासाठी त्यांनी घरातलं चपलांचं कपाट तोडलं होतं. त्यावर त्यांच्या बायकोचं काय म्हणणं पडलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण तो आठवडाभर ते जेवणाच्या डब्याऐवजी पावाचे तुकडे घेऊन येत होते. फळा मात्र देखणा होता, अगदी हात जोडावेसे वाटतील असा. प्रत्येक अवजाराला लाकडी खुंटी, आणि खुंटीमागे त्याच अवजाराची काळ्या रंगात रंगवलेली सावली. पक्कड तिच्या सावलीवर, हातोडी तिच्या सावलीवर. अवजार उचललं की काळी सावली उघडी पडणार आणि कोण गैरहजर आहे ते लगेच कळणार.

जुने डबे भंगारात जायचे होते, ते ओरिहारा आजीने मागून नेले. गल्लीच्या टोकाला आजीचं सार्वजनिक न्हाणीघर आहे. दिवसभर तेलात बरबटलेली आमची सगळी गल्ली संध्याकाळी तिच्या गरम पाण्याच्या हौदात उतरते आणि माणसात येते. डबे उचलता उचलता आजी म्हणाली की तिच्या बंबाच्या व्हॉल्व्हचा दांडा झिजलाय, वाफ धरत नाही, एक नवा करून हवा. मी दांडा हातात घेऊन पाहिला. काम अर्ध्या दिवसाचं. उद्या देतो, असं मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दांड्याचं काम धरायला मी फळ्यावरून एक पाना घेतला. मागची सावली उघडी पडली. मोरिवाकी-सान तिच्याकडे बघत उभे राहिले. त्यांना ती रिकामी जागा बघवेना. पाना कुठे आहे ते त्यांना माहीत होतं, तो माझ्या हातात होता. तरी त्यांनी दांड्याचं काम थांबवायला लावलं. सोमवारी त्यांनी विचारलं, समजा दोबाशीची नजर त्या रिकाम्या सावलीकडे गेली आणि तेवढ्यात सहाणेवर त्याचं बोट गेलं, तर? दोबाशी म्हणाला की आपण कामात असताना भिंतीकडे बघत नाही. यावर मोरिवाकी-सान म्हणाले की फळ्याकडे दुर्लक्ष होत असल्याचं निदर्शनास आलं आहे, ही त्याहून चिंतेची बाब आहे.

उपाय निघाला. प्रत्येक अवजाराची प्लायवूडची हुबेहूब प्रतिकृती करायची. अवजार काढलं की लगेच त्याच्या जागी प्रतिकृती टांगायची, म्हणजे भिंत कायम पूर्ण. शिवाय उचलण्याआधी हात लांब करून बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "पाना जागेवर, ठीक!" बाकीच्यांनीही हातातलं काम थांबवून बोट दाखवायचं आणि तेच म्हणायचं. मग पाना काढायचा, प्लायवूड टांगायचं, पुन्हा बोट दाखवायचं: "प्लायवूड जागेवर, ठीक!" एक पेचकस हातात येईपर्यंत घसा कोरडा पडायचा. त्यावर मालकांनी बार्लीच्या चहाची किटली ठेवली, आणि किटलीची सावली रंगवून घेतली.

आता प्रतिकृतींना वापरात नसताना कुठे ठेवायचं, हा प्रश्न ओघाने आलाच. त्यांच्यासाठी दुसरा फळा झाला, तशाच काळ्या सावल्यांचा. पण प्रतिकृती पहिल्या फळ्यावर कामाला गेली की दुसऱ्या फळ्यावर तिची सावली उघडी. म्हणून प्रतिकृतींच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती झाल्या आणि त्यांच्यासाठी तिसरा फळा आला. दुसरा फळा खिडकीवर बसला, तेव्हा उजेड गेला. तिसऱ्यासाठी मोकळी भिंत एकच उरली होती आणि तिच्यासमोर माझा लेथ होता.

लेथ हलवला तर काम कुठे करायचं, असं मी विचारलं. मोरिवाकी-साननी माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

"हे बघा," ते म्हणाले, "अपघात कधी होतात? काम करताना. याचा कोणी खोलात जाऊन विचारच केला नव्हता."

लेथ तात्पुरत्या स्वरूपात ओरिहारा आजीच्या बंबखोलीत नेऊन ठेवला. गल्लीत तेवढी एकच रिकामी जागा होती. कारखान्याच्या जमिनीवर लेथची काळी सावली रंगवण्यात आली आणि तिच्यावर पुठ्ठ्याचा लेथ उभा राहिला. तो दोबाशीने रंगवला होता आणि इतका बेमालूम जमला होता की शेजारच्या कारखान्यातले एक पाहुणे त्याला तेल द्यायला गेले.

कारण पाहुणे आता रोज येत होते. आमच्याकडे अपघात होत नव्हते, होता होता राहतही नव्हते. अवजाराला हात लावायचं धाडसच कोणी करत नव्हतं. बातमी गल्लीभर पसरली. आदर्श कारखाना म्हणून उद्योजक संघाने आमची निवड केली आणि येत्या शनिवारी अध्यक्ष स्वतः येऊन गौरवाची मानपट्टी देणार असं ठरलं. मोरिवाकी-सान चालतानासुद्धा स्वतःच्या पायांकडे बोट दाखवून "पाय जागेवर, ठीक!" म्हणू लागले.

याच काळात आजीच्या बंबाने मान टाकली. न्हाणीघर बंद पडलं. आमची गल्ली काही दिवसांतच अशी झाली की पोस्टमन पत्रं कोपऱ्यावरूनच फेकू लागला. आजी तुटका दांडा टॉवेलात गुंडाळून कारखान्यात आली आणि तिन्ही फळ्यांसमोर उभी राहिली.

"उद्या देतो म्हणाला होतास तो उद्या कधी येतोय रे?" तिने मला विचारलं. मी चहाच्या किटलीकडे बघू लागलो. ती मोरिवाकी-सानकडे वळली. "रविवारी माझा मुलगा नागोयाहून येतोय. बंब पेटला नाही तर न्हाणीघर पाडून गाड्या उभ्या करायला जागा काढणार आहे. किती गाड्या मावतील ते त्याने मोजूनसुद्धा ठेवलंय."

मोरिवाकी-सान म्हणाले की त्यांना सहानुभूती आहे, मात्र सुरक्षेशी तडजोड होणार नाही. समारंभाच्या आधी भिंतीवरचं काहीही हलणार नाही आणि कोणीही आपली जागा सोडणार नाही. आमच्या जागाही ठरलेल्या होत्या. जमिनीवर आमचीही पावलं रंगवून झाली होती.

"मोरिवाकी," आजी म्हणाली, "तू शेवटची आंघोळ कधी केलीस?"

त्यांनी हळूच आपल्या बाहीचा वास घेतला. आम्ही तिघांनीही घेतला. आजी गेली तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या हौदात माझा बाप शेकला होता, मी शेकलो होतो, आणि तिथे आता परक्यांच्या मोटारी शेकणार होत्या. मी पावलांच्या खुणांवरून बाहेर पाय टाकला. मोरिवाकी-सान लगबगीने आडवे आले. माझी सावली उघडी पडली होती.

तेव्हा दोबाशीने, आयुष्यात पहिल्यांदाच, हात वर करून सुरक्षेविषयी सूचना मांडली.

"पाना कामाला गेला तर त्याच्या जागी काय ठेवायचं म्हणतो आपला नियम?"

"प्लायवूड," मोरिवाकी-सान म्हणाले.

"आणि माणूस कामाला गेला तर?"

मोरिवाकी-सानच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका खोल विचार आपण केला नव्हता, असं त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. त्यांनी स्वतः मला प्लायवूडवर आडवं निजवलं आणि पेन्सिल फिरवली. माझ्या पोटापाशी त्यांनी रेघ जरा आत घेतली, संघाचे लोक येणार म्हणून. संध्याकाळपर्यंत प्लायवूडचा मी पुठ्ठ्याच्या लेथवर उभा राहिलो, आणि खरा मी खरा लेथ गाठायला बंबखोलीत पळालो.

हाडामांसाचा माणूस असा सुटला तर लोखंडाचा पाना का सुटू नये? भिंतीवर सगळी प्लायवूडं टांगून खरी अवजारं दोबाशीने पोत्यात भरून आणली. आजीच्या बंबखोलीत आमचे सेनबेईचे डबे होतेच, साबण ठेवायला नेलेले. कानशी, पाने, पेचकस पुन्हा त्यांत खणखणत पडले. दोबाशीही आता लाकडी झाला होता, त्यामुळे मोकळा होता. मालक काय चाललंय ते बघायला आले. बंबाच्या कडेला शेगडीवर आजीचं ओदेन, मुळा-अंड्यांचा रस्सा, शिजत होतं. मालक बघतच राहिले आणि मग त्यांचंही प्लायवूड कापून घ्यायला निरोप गेला.

काम झपाट्याने निघालं. घाईत डब्याच्या कडेने दोबाशीचं बोट कापलं, पण त्याची कुठे वाच्यता करायची सोय नव्हती, कारण कारखान्यातला दोबाशी ठणठणीत उभा होता. शनिवारी दुपारी नवा दांडा बसला. आजीने बंब पेटवला, व्हॉल्व्ह फिरवला आणि नळ सोडला. पाणी असं कढत आलं की आम्ही तिघं लहान मुलांसारखे ओरडलो. न्हाणीघर वाचलं होतं. न्हाणीघर उघडल्याचा पडदा दारात लागायच्या आधीच गल्ली आत शिरली.

हौदात मी गळ्यापर्यंत बुडालो. वाफ जरा निवळली तेव्हा समोर, डोक्यावर घडी केलेला टॉवेल ठेवून, मोरिवाकी-सान बसलेले दिसले.

"तुम्ही इथे? तिकडे समारंभ चालू असेल ना?" मी विचारलं.

"तिकडे मी आहे," ते डोळे मिटूनच म्हणाले. "चांगलं वीस मिलिमीटरचं प्लाय घेतलंय. वाकता यावं म्हणून बिजागरीसुद्धा लावलीय कमरेत, नमस्काराला."

त्यांच्या पलीकडे एक वयस्क, गोल चेहऱ्याचे गृहस्थ सुखाने उसासे टाकत होते. चेहरा ओळखीचा वाटला. संघाच्या पत्रकावर दर महिन्याला असायचा. दोबाशीने हळूच विचारलं की आपण अध्यक्ष तर नव्हे.

"हो, मीच," ते म्हणाले.

"मग मानपट्टी कोण देतंय?"

"मीच देतोय," अध्यक्ष म्हणाले. "कधीपासून माझं प्लायवूडच जातं समारंभांना. हात आधीच पुढे केलेला आहे, भाषणाची टेप पोटात बसवलीय. आजवर कोणाची तक्रार नाही. उलट अलीकडे बोलण्यात भारदस्तपणा आलाय म्हणतात."

समारंभ फार शिस्तीत पार पडल्याचं नंतर कळलं. कोणी जांभई दिली नाही, कोणी मध्येच उठून गेलं नाही. रविवारी आजीचा मुलगा मापाची टेप घेऊन आला, वाफ पाहून त्याने टेप खिशात घातली, आणि कपडे काढून गपचूप हौदात उतरला. सोमवारी आम्ही बंबखोलीत कवायत केली आणि कामाला लागलो. तेव्हापासून तसंच चाललंय. कारखान्याला एवढ्यात पुन्हा मानपट्टी मिळाली.

त्या समारंभाचा फोटो पाहिलेले लोक पोट धरून हसतात. तुम्हीही हसत असाल. निवांत हसा. हे वाचायला बसलात ती वेळ बहुधा कामाचीच असेल. तिकडे कचेरीत तुमच्या खुर्चीच्या पाठीवर तुमचं जाकीट नीट टांगलेलं आहे, टेबलावर चष्म्याचं घर उघडं आहे, पेनाचं टोपण काढलेलं आहे, आणि साहेब आत्ताच दारातून डोकावून, "आहेत जागेवर," म्हणत पुढे गेले आहेत.