ताणमुक्ती शिबिरातला पहिला मान

बाळांनो, नीट बसा, चुळबुळ नको. एका जंगलात हरणं फार घाबरायची. पान हललं की पळायची. त्या जंगलाचे राजे वाघोबा. मागे धावून धावून त्यांना धाप लागायची आणि मिळायची नुसती धूळ.

तेव्हा त्यांनी हरणांसाठी मोफत ताणमुक्ती शिबिर भरवलं. केवढं मोठं मन!

मांडव उभा राहिला. वाघोबांच्या उष्ट्यावर जगणारे तरसभाऊ निवेदक झाले. साळिंदर वैद्यांनी भाषण केलं.

"मंडळी, आपल्या डोक्यात एक निरोप्या असतो. विद्वान त्याला अ‍ॅसिटिलकोलीन म्हणतात. गवत हललं की हा मेंदूत बोंब ठोकतो. ती बोंब खाली पोचते आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ताणाचा रस रक्तात ओततात. झाली धडधड सुरू! माझी ही मुळी चाटा. निरोप्या गाढ झोपेल."

"आणि समजा, कुणी खायला आलं तर?" रांगेत सगळ्यांत पुढे असलेल्या ठिपकी हरिणीने विचारलं. तिला बिलगून तिचं पाडस उभं होतं.

"येऊ दे की! तुम्हाला काही वाटणारच नाही," वैद्य हसले.

समोर खुर्चीत वाघोबा मिशा चाटत होते. पळावं, तर पाडसाला अजून धड पळता येत नव्हतं. वैद्यांनी मुळी तिच्या तोंडाशी आणली. तिचा निरोप्या असा काही बोंबलला, की तिला भलतंच सुचलं.

"अहो वैद्यबुवा," ती मोठ्याने म्हणाली, "प्रमुख पाहुण्यांच्या आधी मी कशी घेऊ? शोभतं का ते?"

तरसभाऊंनी जीभ चावली. हार, शाल, श्रीफळ, सगळं आठवणीने झालं होतं आणि नेमका हाच मान राहून गेला होता.

"पहिली मुळी माननीय वाघोबांच्या शुभहस्ते... आपलं, शुभमुखे!" ते गरजले.

वाघोबांनी डोळे वटारले. पण टाळ्या थांबेनात. माकडं फोटो काढायला पुढे घुसली, त्या गडबडीत रांग मोडली. वाघोबा नाही कसं म्हणणार? त्यांनी मुळी चाटली. फोटो हलला म्हणून पुन्हा चाटली.

मुळी खरोखरच गुणकारी निघाली. वाघोबांच्या मिशा खाली आल्या, पंजे सैल पडले. ठिपकी पाडसाला पोटाशी घेऊन त्यांच्या पुढ्यातून निघाली.

"साहेब, जेवण चाललंय!" तरसभाऊ कळवळले.

"जाऊ दे रे," वाघोबा म्हणाले. "कसली घाई?"

"पण साहेब, माझ्या पोटाचं काय?"

"तूही चाट की थोडी."

तात्पर्य : खुशामत वाईट असते असं तुम्हाला शाळेत शिकवतील. शिकवोत बापडे. समोर वाघ बसलेला असेल, तर पहिला मान त्यालाच द्यावा, आणि तो चाटून होईपर्यंत टाळ्या थांबवू नयेत.