मुरम्याची गैरहजेरी

एका जंगलात, झाडं संपून खडीचा माळ सुरू होतो त्या ठिकाणी, एक शाळा होती. शाळेला भिंत नव्हती, छप्पर नव्हतं, घंटा नव्हती. एक बोरीचं झुडूप होतं आणि तितरबाई होत्या. एवढ्यावर शाळा चालायची.

नीट मांडी घालून बसा, बाळांनो. गोष्ट लांब नाही.

या शाळेत जमिनीवर राहणाऱ्या पाखरांची पिल्लं यायची. टिटवीची, लावरीची, तितराची. ज्यांचं घरटं झाडावर नाही आणि ज्यांच्या दाराला कडी नाही, त्यांची. अशा घरातल्या आयांना एकच मोठी भीती असते, ती घारीची. घार वर उडते आणि तिची सावली आधी खाली उतरते. म्हणून शाळेत मुख्य विषय एकच होता. सावली दिसली की दगड व्हायचं.

तितरबाई मध्येच कधीही ओरडायच्या, "धोंडा." की सगळी पिल्लं असतील तिथे पाय मुडपून मान मातीला टेकवायची. अंग दगडाच्या रंगाचंच, त्यामुळे बघता बघता वर्ग नाहीसा व्हायचा. आई येऊन "ऊठ" म्हणेपर्यंत हलायचं नाही. मुंगी चावली तरी नाही. शिंक आली तरी ती गिळायची.

वर्गात मुरम्या नावाचं टिटवीचं पिल्लू होतं. मुरमाच्या रंगाचं, म्हणून मुरम्या. बाकी फार हुशार नव्हतं. पळताना अडखळायचं, किडा समजून काटकी खायचं. पण धोंडा असा व्हायचा की एकदा तितरबाई त्याच्यावरच टेकून बसल्या आणि हजेरी घेऊ लागल्या.

त्याची आई हौसा. हौसा टिटवी काळजी करणारी होती. वारा सुटला तरी काळजी, पडला तरी काळजी. तिचं आख्खं आभाळ त्या एका पिल्लावर अडकलेलं होतं, कारण चार अंड्यांतून तेवढं एकच उरलं होतं.

एके दिवशी शाळेत डॉक्टर भारद्वाज आले. तांबूस पंखांचा कोट, लाल डोळे, बगलेत वही. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं आपल्याकडे म्हणतात. तसंच त्या जंगलातही म्हणायचे. त्यामुळे भारद्वाज जे बोलेल ते चांगलंच असणार, असं सगळ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं.

"मी पिल्लांच्या शिकण्यावर संशोधन करतो," भारद्वाज म्हणाला. "बाई, तुम्ही कोणत्या पद्धतीने शिकवता?"

"ओरडते," तितरबाई म्हणाल्या.

भारद्वाजाने वहीत लिहिलं.

"आणि या पद्धतीचा उपयोग होतो, याला पुरावा काय?"

"ही काय, सगळी जिवंत आहेत."

"तो पुरावा नाही, बाई. तो योगायोग असू शकतो." मग तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "हे बघा, सावली दिसल्यावर तुमचं पिल्लू काय करतं? काहीच करत नाही. पडून राहतं. आता ते शिकलंय म्हणून पडून आहे, की झोपलंय, की आळशी आहे, हे मला कळणार कसं? काही न करणं मोजता येत नाही."

 तितरबाई पंधरा पावसाळे शिकवत होत्या, पण मोजायचं त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

भारद्वाजाने प्रत्येक पिल्लासमोर एक टॅब ठेवला. चपटा, गुळगुळीत, डबक्यासारखा चमकणारा. त्यावर कधी पान दिसायचं, कधी ढग, कधी घारीची सावली. सावली दिसली की पिल्लाने तिच्यावर चोच मारायची. बरोबर मारली की टॅब म्हणायचा, "टुंग." एक तारा चमकायचा आणि खालच्या फटीतून एक ताजी वाळवी पडायची.

"भीती नाही, आरडाओरडा नाही," भारद्वाज म्हणाला. "आनंदाने शिक्षण."

आयांनी संमतीपत्रावर पंजाचे ठसे द्यायचे होते. हौसा कागद उलटा-सुलटा करून बघत राहिली.

"काय लिहिलंय गं यात?" तिने शेजारच्या कमळी लावरीला विचारलं.

"अगं हौसे, वाचायचं नसतं ते. ठसा द्यायचा असतो," कमळी म्हणाली आणि तिने दोन्ही पंजांचे दिले.

तितरबाईंना टॅब पुसायचं काम मिळालं.

आठवडाभरात वर्ग बदलून गेला. सकाळपासून टुंग टुंग सुरू. पिल्लं गुबगुबीत झाली. कमळीची पिंकी तर इतकी तरबेज झाली की सावलीचा कोपरा दिसायच्या आत तिची चोच पोचायची. तिला दहापैकी दहा तारे.

मुरम्याला शून्य.

दुसऱ्या आठवड्यातही शून्य. टॅबवर सावली आली की मुरम्या पाय मुडपून मान खाली घालायचा. टॅब वाट बघून बघून म्हणायचा, "पुन्हा प्रयत्न करा." मुरम्या धोंडा तो धोंडाच. संध्याकाळी हौसा येऊन "ऊठ" म्हणायची तेव्हा उठायचा.

भारद्वाजाने तिला बाजूला बोलावलं.

"ताई, घाबरू नका," तो म्हणाला. कोणी असं म्हटलं की हौसा हमखास घाबरायची. "तुमचं पिल्लू प्रतिसाद देत नाही. बाकीची पुढे गेली, हे मागे राहिलं. घरी सराव घ्या. महिनाअखेरीला मोरसाहेब पाहणीला येणार आहेत. तोवर झालं तर ठीक, नाहीतर याला वेगळं बसवावं लागेल."

हौसाने घरी जाताना वाटेतलं एक पळसाचं पान उचललं. 

त्या दिवसापासून घरी शिकवणी सुरू झाली. हौसा चोचीत पळसाचं पान धरायची, उन्हात उभी राहायची आणि पानाची सावली मुरम्यापुढे पाडायची.

"मार चोच."

मुरम्या दगड.

"अरे मार ना. पिंकी बघ कशी मारते."

दगडातून आवाज यायचा, "आई, तूच म्हणाली होतीस दबायचं."

"ते तेव्हाचं. आता गुण असतात."

"पण घार?"

"घारीचं नंतर बघू. आधी पाहणी होऊ दे."

हे बोलताना ती स्वतः मात्र एकदा वर बघून घ्यायची. पण सगळ्यांची पिल्लं पुढे गेली आणि आपलंच मागे राहिलं, ही भीती घारीपेक्षा जवळची असते. घार वर असते. शेजारीण शेजारीच असते.

पाहणीच्या आदल्या दिवशी मुरम्या दमून म्हणाला, "बरं. उद्या मारीन चोच."

"शप्पथ?"

"शप्पथ."

हौसाने त्याच्या डोक्यावरून चोच फिरवली. आता खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं.

बाळांनो, पुढे थोडं भीतीचं आहे. पण आधीच सांगते, यात कोणी मरत नाही. तसली गोष्ट माझ्याने सांगवत नाही.

पाहणीला मोरसाहेब पिसारा सावरत खडकावर बसले. आया एका रांगेत, पिल्लं एका रांगेत. माळ उघडा, ऊन लख्ख. भारद्वाजाने वही उघडली आणि म्हटलं, "सुरू करू."

टॅबवर पान आलं. कोणी हललं नाही. ढग आला. कोणी हललं नाही. मग सावली आली.

टुंग, टुंग, टुंग, टुंग.

मुरम्याचे पाय मुडपू लागले होते. अर्धे मुडपले. मग त्याला शप्पथ आठवली. तो कसाबसा उभा राहिला, डोळे घट्ट मिटले आणि चोच मारली.

टुंग.

एक वाळवी पडली. मुरम्याने ती खाल्ली नाही. त्याने आधी आईकडे बघितलं. हौसाचे डोळे भरून आले होते. कमळीने तिला कोपराने ढोसलं. "झालं ना गं. उगाच जीव टांगणीला लावला होतास."

तेवढ्यात दुसरी सावली आली.

ही टॅबवर नव्हती. ही माळावर होती. माळाच्या त्या टोकाकडून खडीवरून सरकत येत होती, मोठी होत होती.

सगळ्यात आधी दिसली ती पिंकीला. "केवढी आली," ती म्हणाली. एवढ्याशा सावलीला एक वाळवी मिळते, तर एवढ्या मोठ्या सावलीला किती, हा हिशेब तिने क्षणात केला आणि ती पळत सुटली. सावलीच्या दिशेने. तिच्यामागे सगळा वर्ग, चोची पुढे काढून.

"धोंडा," तितरबाई ओरडल्या. पण बाईंच्या ओरडण्याकडे लक्ष द्यायचं नसतं, हे महिनाभरात पिल्लं टॅबबरोबरच शिकली होती.

मोरसाहेब झाडावर गेले. भारद्वाज झुडपात शिरला. वही मात्र त्याने सोडली नाही.

मुरम्याने एक पाय पुढे टाकला होता. त्याने शप्पथ घेतली होती आणि सावली समोर होती. हौसाने ते पाहिलं. पंधरा दिवस घोकलेला 'मार' हा शब्द तिच्या ओठावर होता, पण घशातून आला तो जुनाच.

"धोंडा," हौसा किंचाळली.

आणि मुरम्या होता तिथे नव्हता. नुसती खडी होती.

आपलं पिल्लू वाचलं, तर हौसाने गप्प बसायला हरकत नव्हती. पण पिंकी सावलीच्या मधोमध उभी राहून जमिनीला टोचे मारत होती आणि "टुंग का होत नाही?" असं विचारत होती. वरून घार पाय सोडून उतरत होती.

टिटव्यांची एक जुनी रीत आहे. ती कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. हौसा उडून घारीसमोर जाऊन पडली. एक पंख तिने मोडल्यासारखा लोळवला आणि लंगडत, विव्हळत, मातीत फरफटत निघाली. घारीने बघितलं. एवढंसं पिल्लू कुठे आणि ही भरली टिटवी कुठे, तीही मोडक्या पंखाची. घार वळली. हौसा तशीच फरफटत तिला ओढ्यापर्यंत घेऊन गेली. घारीची नखं शेपटीला लागणार, तोच तिने मोडका पंख उघडला आणि भर्रकन पलीकडे गेली. घार काठच्या बाभळीच्या काट्यांत घुसली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

इकडे कमळीने आणि तितरबाईंनी पिल्लं गोळा करून बोरीखाली कोंबली.

हौसा परत आली. माळावर हजार दगड होते. त्यातला आपला कोणता, ते तिला काही केल्या दिसेना. आईलाही सापडू नये इतका चांगला धोंडा तो झाला होता. शेवटी ती नुसतीच म्हणाली, "ऊठ रे बाबा."

तिच्या अगदी पायाजवळचा एक दगड उठला.

"आई, माझं चुकलं का?" मुरम्या म्हणाला. "दुसऱ्या सावलीला मी चोच मारली नाही. शप्पथ मोडली."

"नाही चुकलं."

"मग गुण किती मिळाले?"

हौसाला फार मोजता येत नव्हतं. तिने त्याला पंखाखाली घेतलं. "पैकीच्या पैकी," ती म्हणाली.

आठ दिवसांनी भारद्वाजाचा अहवाल बोरीला लटकला. जो तो वाचायला आला. त्यात लिहिलं होतं : टॅबवर शिकलेल्या पिल्लांनी प्रत्यक्ष सावलीही अचूक ओळखली. ती तिच्याकडे स्वतःहून, आनंदाने धावली. भीती अजिबात आढळली नाही. हजर विद्यार्थ्यांचा निकाल शंभर टक्के. एक विद्यार्थी दुसऱ्या चाचणीच्या वेळी गैरहजर होता, म्हणून त्याचे गुण धरलेले नाहीत. त्याची आई लंगडी आहे. घरच्या परिस्थितीचा शिकण्यावर परिणाम होत असावा. पुढच्या वर्षी हीच पद्धत सशांच्या पिल्लांसाठी कोल्ह्याचं चित्र वापरून राबवावी.

खाली मोरसाहेबांची सही होती. झाडावरून केली होती, त्यामुळे थोडी वाकडी होती.

त्या दिवशी उन्हं उतरताना कमळी हौसाकडे आली.

"पिंकीचा पहिला नंबर आला," ती म्हणाली. "तुझ्याचं नाव यादीत दिसलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस हं."

"नाही वाटत," हौसा म्हणाली.

कमळी जरा घुटमळली. इकडे तिकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्यापासून संध्याकाळी पिंकीला पाठवू का? मुरम्याबरोबर जरा धोंडा करेल. पण कुणाला बोलू नकोस, बाई. पहिल्या नंबराची पोर शिकवणीला जाते म्हटलं तर बरं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी पिंकी आली. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी आया आपली पिल्लं घेऊन आल्या. त्याही म्हणाल्या, कुणाला बोलू नकोस. पंधरा दिवसांत सगळा वर्गच कुणाला न सांगता हौसाच्या अंगणात येऊ लागला. ओरडायला तितरबाईही यायच्या. दिवसभर टॅब पुसून त्यांचा आवाज चांगला विश्रांती घेतलेला असायचा.

पुढच्या वर्षी माळावरचं एकही पिल्लू घारीला मिळालं नाही. घार वाळून काटकी झाली.

भारद्वाज परत आला, पिल्लं मोजली आणि फार खूश झाला. वहीत त्याने लिहिलं, टॅबचा परिणाम.

तात्पर्य : खरोखर शिकलेलं मूल तपासणीच्या वेळी दिसत नाही. म्हणून शहाण्या आईने आपलं मूल सगळ्यांच्या पुढे, मान वर करून, उन्हात उभं करावं. साहेबांना दिसतं, संशोधकांना मोजता येतं, आणि घारीचीही सोय होते.