मिठागरच्या सकवारबाईची धाव

॥ श्री ॥ वंदन त्या समुद्रास, ज्याचे कांठीं नऊ राज्यें नांदतात आणि भांडतात. आणि वंदन मनुष्याचे पायांस, जे धन्यास न पुसतां आपणच चालूं लागतात.

शके अठराशें अठ्ठ्याऐंशी, पराभव नाम संवत्सरीं, नवांही राज्यांनीं मिळोन चौसाली खेळ मांडिले आणि आमचे राज्यास प्रथमच बोलावणें आलें. तेव्हां दरबारीं मसलत पडली. जोशी बोलिले, "संवत्सराचें नांवच पराभव, यंदा जाणें बरें नव्हे." त्यावर प्रधान बाजीपंत हंसोन बोलिले, "जोशीबुवा, संवत्सर नवांही राज्यांस तोच आहे." मग पैलवान, तिरंदाज, पोहणारे आणि लांब पल्ल्याचे एक धावणारे ऐसी मंडळी सजोन जहाजावर चढली, आणि परमुलुखीं जावोन सर्वत्र शिकस्त खाल्ली. पैलवान पहिल्याच पकडीस चीत जाहले, तिरंदाजांचे बाण वाऱ्यानें नेले, आणि धावेंत आमचे रायाजी कोयंडे सर्वांचे ऐसे मागें राहिले कीं, ते एकटेच धांवत असतां चाकर लोक मैदानावर पुढील खेळाचे खांब रोवूं लागले. रायाजी शेवटास पोंचले तेव्हां परक्या लोकांनीं उठोन टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या त्यांस चाबकासारख्या लागल्या. "हरलों त्याचें कांहीं नाहीं, पण यांनीं माझी कीव केली," ऐसें बोलोन ते परत आले, आणि पुन्हा शर्यतीस म्हणोन धांवले नाहींत.

रायाजींचें गांव खाडीवर होतें. तेथें मिठागरांत सकवार नांवाची एक मुलगी आईबरोबर मीठ वाहावयास येत असे. इतर बायका डोईवर पाटी घेवोन बांधावरून सावकाश चालत, आणि ही तेवढाच भार घेवोन धांवत जात असे. आई ओरडे, "अगं, मीठ सांडेल!" आणि मीठ तर सांडत नसे. एके दिवशीं रायाजींनीं तीस अडवोन पुसिलें, "पोरी, कोण मागं लागलंय तुझ्या?"

"कुणी नाही," ती बोलली. "उभं राहिलं की पाय दुखतात."

हें ऐकोन रायाजी तिचे मागोमाग बांधाचे टोकापर्यंत गेले. मग त्यांनीं तिचे आईची विनवणी केली, आणि ओहोटीचे वेळीं कठीण वाळूवर तीस पळवूं लागले, श्वास कसा राखावा, वळणावर अंग कसें झुकवावें हें शिकवूं लागले. सकवार सर्व शिकली, एक थांबणें तेवढें शिकली नाहीं. शेजारील राज्यांत एक नामांकित धावणारी होती, ती आमचे बंदरीं जत्रेचे शर्यतीस आली, तीस सकवारनें ऐसें मागें टाकिलें कीं, त्या बाईनें आपण होवोन येवोन हिचे पाय निरखोन पाहिले आणि म्हणाली, "चौसाली खेळांत तूं येणार असशील तर मी दुसऱ्या क्रमांकासाठींच लढेन."

पुढें साधारण नाम संवत्सर आला, आणि खेळांची वेळ आली, आणि आमची मंडळी धक्क्यावर जमली. जहाजानें भोंगा दिला. इतक्यांत बातमी आली कीं, आरंभींचे मिरवणुकींत आमचें निशाण शेजारील राज्याचे निशाणामागें लाविलें आहे. बाजीपंत मोटारींतून उतरले, आणि त्यांचा चेहरा तांबडा जाहला, आणि हुकूम सुटला कीं, सामान उतरवा, आम्ही जात नाहीं. पैलवान मुकाट उतरले. सकवार मात्र शिडीवरून धांवत आली आणि पहारेकरी अडवीत असतां प्रधानांसमोर उभी ठाकली.

"सरकार, मिरवणुकीत मी सगळ्यांच्या शेवटी चालते. शर्यतीत पुढं जाते. मग तर भागेल?"

"मुली, हा राज्याचे अब्रूचा प्रश्न आहे. तुज समजावयाचा नाहीं. चार वर्षांनीं खेळ पुन्हा आहेतच."

"खेळ असतील हो. पाय हेच असतील का?"

बाजीपंतांनीं मोटारीचें दार उघडविलें. ते मोटारींत बैसोन निघोन गेले, आणि जहाज रिकामेंच धक्क्यास धडका देत राहिलें.

त्या दिवसापासोन सकवारला घरीं चैन पडेना. जेवतां जेवतां उठावें, बांधावर जावें, परत यावें, पुन्हा जावें. आई म्हणे, "देवी संचारलीय हिला." ऐसें असतां शेजारील राज्याचे वकील होडी घेवोन खाडींत आले आणि गोड बोलोन म्हणाले, "बाई, तुमचे दरबारास तुमची किंमत नाहीं. आमचे निशाणाखालीं धांवा. अजून वेळ आहे." सकवारनें रायाजींकडे पाहिलें. रायाजी म्हणाले, "मी जा म्हणणार नाही, राहा म्हणणार नाही. पाय तुझे आहेत." मग ती होडींत बैसली. होडी निघाली. कांठावर आई चिखलांत उभी होती. मध्यावर गेल्यावर सकवारनें वकिलांस पुसिलें, "शर्यत झाली की मला घरी आणून सोडाल ना?"

वकील बोलिले, "बाई, मग आमचेंच राज्य तुमचें घर. आईस सणावारीं भेटतां येईल, दरबारानें परवाना दिल्यास."

सकवारनें होडीबाहेर उडी टाकिली. पाणी छातीभर होतें. ती पाणी कापीत, चिखल तुडवीत कांठास आली आणि आईस म्हणाली, "भूक लागलीय." त्या साली ती धाव शेजारील राज्याचे त्याच बाईनें जिंकिली. ती बातमी रेडिओवर आली तेव्हां सकवारनें पाटी उचलली आणि संध्याकाळपर्यंत मीठ वाहिलें.

पुढें सकवारचें लग्न जाहलें, नवरा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, भला मनुष्य, आणि एक मुलगी जाहली. बाळंतपणांत अंग जड जाहलें, एक गुडघा कुरकुरूं लागला. तरी ओहोटी लागली कीं ती वाळूवर जाई, आणि रायाजी म्हातारे काठी टेकीत मागें येत. आनंद नाम संवत्सरीं दरबारांचा रुसवा मिटला. कसा मिटला म्हणाल, तर निशाणें अक्षरांच्या अनुक्रमानें लावावीं ऐसें ठरलें. हें चार वर्षांपूर्वींही ठरलें असतें, पण कोणास सुचलें नाहीं. दरबाराचे मनांत कोणी कोवळी मुलगी पाठवावी ऐसें होतें. सकवारनें निवडीचे दिवशीं त्या सर्व कोवळ्या मुलींस मागें टाकिलें, आणि मग दरबाराचा नाइलाज जाहला.

खेळांचे मैदानीं ऊन ऐसें होतें कीं जमीन हालतांना दिसत होती. इशारा होतांच सकवार सुटली ती बाणासारखी. रायाजी ओरडले, "आवर! सकवार, आवर!" तिनें आवरिलें नाहीं. चार वर्षें आवरिलेलें सर्व तिचे पायांतून बाहेर पडत होतें. ती सर्वांचे पुढें गेली आणि बहुत वेळ पुढें राहिली, आणि आमचे पैलवान कुंपणावर चढोन नाचूं लागले. मग शेवटचे फेरींत गुडघा बोलला. श्वास तुटला. शेजारील राज्याची ती बाई बाजूनें पुढें निघोन गेली, आणि जातांना तिनें एकवार वळोन पाहिलें. मग आणखी एक गेली. चौथी खांद्यास खांदा लावोन आली, तेव्हां सकवारनें डोळे मिटिले आणि दांत खावोन जी पावलें टाकिलीं, त्यांत तीस चौथीचे एक हात पुढें रेघ लागली. तिसरा क्रमांक आला. राज्यास पहिलें पदक मिळालें, काशाचें.

सकवार जमिनीवर पडली होती. रायाजी जवळ बैसले. ती म्हणाली, "उस्ताद, मागच्या वेळी आले असते तर?"

रायाजींनीं तिचे तोंडावर पाणी मारिलें आणि म्हणाले, "आधी श्वास घे."

परत आल्यावर दरबार भरला. बाजीपंतांनीं सकवारला उंच खुर्चीवर बैसविलें, गळ्यांत हार घातला, आणि भाषण सुरू केलें कीं, या यशामागें दरबाराचे दूरदृष्टीचें धोरण आहे, आणि आम्ही धीर धरिला म्हणोन हा दिवस दिसला. भाषण चालत राहिलें. सकवारचे पाय खुर्चीखालीं हलूं लागले. मग ती उठली, हार काढोन खुर्चीवर ठेविला, आणि भरल्या दरबारांतून चालत बाहेर गेली. सर्वत्र गलबला जाहला. बाजीपंत रायाजींवर कडाडले, "ही काय रीत? बसावयास सांगितलें होतें!"

रायाजी काठीवर भार देवोन उठले आणि म्हणाले, "सरकार, मागील खेळांस आपण सांगितलंत, तेव्हां ती बसली. आतां बसत नाहीं." आणि तेही निघोन गेले.

ऐसी ही हकीगत. त्यानंतर आमचें राज्य दर खेळांस गेलें, क्वचित जिंकिलें, बहुधा हरलें, आणि त्या सर्वांची नोंद दरबारीं आहे. साधारण संवत्सराचे जागीं मात्र कांहीं लिहितां आलें नाहीं. कारण जो हरला त्याची बखर होते आणि जो जिंकिला त्याचीही होते, परंतु जी धाव जाहलीच नाहीं, तीत पुढें कोण होतें हें कोणा बखरकारास सांगतां येत नाहीं. कलम येथेंच उचललें.