केकताडाला हळद

भगवानरावांच्या दारातल्या कुंडीत पिवळ्या काठाच्या पानांचं अगेव्ह नावाचं झाड होतं आणि त्यांच्या कौतुकाला काठच नव्हता. पेडगावचे नवे व्याही सिताराम यांना ते मोबाइलवर रोज त्याचा फोटो पाठवत. "विदेशी हाय. तुमच्याकडं असलं दिसायचं न्हाई," अशी वर फोडणी.

व्याही-विहीण पहिल्यांदाच घरी यायचे होते, त्याच सकाळी भगवानरावांनी झाडाला प्रेमानं हात लावला. अख्खं झाड बुडातून सुटून हातात आलं! मुळं कुजून लगदा झाला होता.

"पाणी कुणी घातलं?"

"मी," कुसुमबाई म्हणाल्या. "तुळशीला पाजायचं अन् शेजारच्याला तहानलेलं ठेवायचं? उरलेला तांब्या रोज ओतत होते."

"अगं, त्याला जास्तीचं पाणी म्हणजे इख! आता इवायाला काय दाखवू, माझं थोबाड?"

"रुळाच्या कडंला केकताड लय हाय. तसंच तर दिसतंय."

एरवी त्या विदेशी झाडाला कुणी रानटी केकताड म्हटलं, की भगवानराव दोन दिवस बोलत नसत. आज त्यांनी तो शब्द निमूट गिळला आणि कुदळ घेऊन निघाले. काट्यांनी हात सोलपटले, पण झाड कुंडीत बसलं. फक्त ते नुसतंच हिरवं होतं. मग कुसुमबाईंनी वाटीत हळद कालवली आणि दोघांनी बसून पानापानाला पिवळे काठ ओढले.

पाहुणे आले. विहीण धुरपताबाई कुंडीपाशी थबकल्या, चपला काढल्या, डोक्यावरून पदर घेतला.

"हळद लावलेली हाय! कोणता देव म्हणायचा ह्यो?"

कुसुमबाईंनी सावरलं, "यांच्या घराण्यातला हाय."

धुरपताबाईंनी कुंकू वाहिलं आणि पाण्याचा तांब्या मागितला.

"पाणी नका!" भगवानराव सवयीनं ओरडले.

"अवो, देवाला पाणी न्हाई म्हणत अस्तेत का?" म्हणत त्यांनी अख्खा तांब्या ओतला. हळद ओघळून गेली आणि केकताड लख्ख हिरवं उभं राहिलं.

सितारामांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग भगवानरावांच्या पिवळ्या बोटांकडे. आता धरणी पोटात घेईल तर बरं, असं भगवानरावांना झालं. पण सितारामांनी कुंडीला भक्तिभावानं हात जोडले आणि हळूच त्यांच्या कानाशी वाकले.

"इवाई, आमच्या बांधावर तुमचं अख्खं घराणं हाय. एकदा येऊन दर्शन घ्या."