एकही धागा सुटला नाही

दादांनी सुतारकामात आयुष्यभर लाकडाला भोकं पाडली होती. तेव्हा धाकट्या बहिणीच्या, माईंच्या, कार्बन फायबरच्या कृत्रिम पायाला एक भोक पाडणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ! पट्टा निसटत होता, तो जखडायला भोकातून एक रिव्हेट ठोकायचा होता. पाय बनवणारा कारागीर गेला होता सुटीवर, आणि माईंना उद्याच लेकीच्या नव्या घराचे तीन जिने आपल्या पायांनी चढायचे होते.

"काका, हे कापडाचे थर आहेत," कारागिरानं फोनवर बजावलं. "ड्रिल पलीकडे निघताना आतला थर उचकटतो. आतून घट्ट आधार द्या, चिकटपट्टी लावा, ड्रिलचं टोक नवं घ्या, जोर लावू नका. त्यापेक्षा मी येईपर्यंत थांबा."

'थांबा' सोडून दादांनी सगळं ऐकलं.

पाय आतून गोल. लाकडाचा ठोकळा नीट टेकेना. "असा आधार देतो, की वाऱ्यालासुद्धा जागा उरणार नाही," म्हणत त्यांनी भिंतीसाठी आणलेलं प्लास्टर कालवलं आणि पायाच्या पोकळीत काठोकाठ ओतलं.

"अहो, पण..." वहिनी म्हणाल्या.

"टॉर्च धर."

प्लास्टर घट्ट झालं, ड्रिल फिरलं. माईंनी डोळे मिटून हात जोडले. शेवटच्या केसभर अंतरावर दादांचा हात इतका हलका झाला, जणू निजलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करताहेत.

चिकटपट्टी सोलली. टॉर्चच्या उजेडात वरची कड बघा, भोकातून दिसणारी आतली कड बघा, कुठे एक धागा सुटलेला नाही. माईंनी त्यावरून बोट फिरवलं. "दादा, हे माणसाच्या हातचं वाटत नाही रे." वहिनींनी चष्मा आणून पुन्हा पाहिलं, आणि संसारात पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याची चूक काढता येईना. तिघंही त्या भोकापुढे देवापुढे बसावं तशी बसली.

"आता तो आधार काढ," माई म्हणाल्या. "घालून बघते."

दादांनी पाय उलटा केला. थोपटला. झटकला. प्लास्टर हूं की चूं करेना. पुन्हा फोन.

"प्लास्टर? काका, आतून तेल तरी लावलं होतंत ना?"

दादांनी फोन वहिनींच्या हातात दिला.

"भोक सुरेख झालंय रे," माई हळूच म्हणाल्या. "पण मी पाय कुठे घालू?"

दुसऱ्या दिवशी माई कुबड्यांवर तीन जिने चढल्या, दर मजल्यावर दम खात. मागून दादा, खांद्यावर तो धोंड्यासारखा जड पाय घेऊन. घालता येणार नव्हताच तो. पण लेकीला भोक दाखवायचंच, हा हट्ट माईंचा होता.