नळी उधारीची

पहाटे पाचच्या सुमारास प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत एक माणूस नळाच्या पाइपाला कान लावून बसलेला असतो. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर गाणं ऐकणाऱ्याची तंद्री. हे आमचे शेजारी, ढोके काका. विदर्भातल्या एका लहान नगरपरिषदेत पाणीपट्टीचा हिशेब ठेवून निवृत्त झालेले. घरात एकटेच.

"निघालं," ते पुटपुटतात. "टाकी सोडली... आता आपल्या मोडावर वळून राहिलं." आणि खरंच, दोन मिनिटांत आमच्या नळाला खोकला येतो. त्या धुरकट उजेडात वाटतं, हा माणूस नुसत्या कानानं पाणी ओढून आणतो.

त्यांच्याकडे पाणी पिणं मात्र सोपं नाही. ग्लास देण्याआधी ते त्यावर बोट ठेवतात. "मास्तर," मी शाळेत शिकवतो म्हणून मी मास्तर, "हे बुडाचं पंपाच्या लाइट बिलाचं. मधलं माणसाईच्या पगाराचं. अन् हे वरचं दोन बोटं कर्जाच्या व्याजाचं. पाणी फुकट हाय गा, नळी उधारीची हाय. आता प्या." आमचे जावई एकदा ते ऐकून तसेच तहानलेले उठले.

सांडपाण्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज हळवा होतो. "येणाऱ्या पाण्याची सगळे वाट पायते. जाणाऱ्याले कोणी इचारत नाही. त्याले भी नळी लागते ना बाप्पा!"

यंदा पाण्याचे दर वाढणार असं कळलं. नव्या नळ्यांसाठी कर्ज काढायचं, ते बिलातून फेडायचं. गल्लीनं निषेधाचा अर्ज लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या. काकांनी कागद वाचला, त्यातली एक बेरीज दुरुस्त केली आणि सही न करता परत दिला.

"काहून?" समोरच्या वानखेडे वहिनी तडकल्या. "तुमचं काय जाते! एकटा जीव!"

काका वळले. चपला घालून घरी गेले. त्यानंतर गल्ली त्यांच्याशी बोलेना. मीही, खरं सांगायचं तर, त्यांच्या फाटकावरून मान खाली घालून जाऊ लागलो.

आठवड्यानं राहवेना म्हणून गेलो. दुपार होती. कूलरच्या वाळ्याचा ओला वास घरभर तरंगत होता. काका झोपेत बोलावं तसं बोलू लागले.

"आमच्या गावात भी नळ्या बदलवाच्या होत्या, मास्तर. गटारातूनच गेल्या होत्या त्या. मी फायलीवर लिहिलं, जुनं कर्ज फिटल्याबिगर नवं नको, दर वाढवू नका. साहेब खूश. गाव कर्जातून सुटलं तवा माहा सत्कार झाला. नारळ, शाल. त्याच उन्हाळ्यात नळाले घाण पाणी आलं. गावात कावीळ पसरली. आमच्या घरचीले, सुमित्राले भी झाली. एकवीस दिवस. ते गेली, तवा नगरपरिषदेवर एक पैशाचं कर्ज नव्हतं."

मी म्हणालो, "हे गल्लीत सांगा ना, काका."

"कायले? त्याईचं बिल तर वाढूनच राहिलं." मग चाचरत म्हणाले, "बर्डीवर लोकाईचं म्हणणं ऐकून घेणार हाय म्हणते. मले जाचं हाय. तुम्ही बाजूले बसान का?"

ठरल्या दिवशी सीताबर्डीच्या सभागृहात आम्ही शेजारी शेजारी बसलो. वानखेडे वहिनी दोन ओळी मागे होत्या. ज्यानं त्यानं उठून दरवाढ नको म्हटलं. शेवटी काका उभे राहिले.

"कर्ज काढा, दर भी वाढवा," ते म्हणाले. "पण पयले गटाराजवळच्या नळ्या बदलवा. अन् ज्याले झेपत नाही, त्याचं बिल कमी ठेवा. बस."

मागून कोणी तरी हुर्यो उडवली. मंचावरच्या साहेबांनी ते सगळं लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "नाव?"

"सुमित्रा," काका म्हणाले. "सुमित्रा ढोके."

सभागृह खो खो हसलं. काका खाली बसले. त्यांना कळलंच नव्हतं, लोक कशाला हसताहेत ते.